रिसॉर्ट आणि वॉटर पार्कमधल्या वेटरच्या हातात महिन्याला नेमके किती पैसे पडतात?

रविवारी रात्री साडेआठची वेळ. नागपूरच्या मानेवाडा-बेसा रस्त्यावरच्या हॉटेलांबाहेर नाव लिहून लोक टेबलाची वाट बघत उभे असतात. आत एकेक वेटर पाच-सहा टेबलं सांभाळतो. एका हातात सावजी मटणाची हंडी, दुसऱ्या हातात पाण्याचा जग आणि मागून ‘भाऊ, रोट्या कधी येतील?’ अशी हाक.

याच बेसा-पिपळा भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वर्षभर फिरत असतो. ‘वेटर पाहिजे. पगार १२ ते १८ हजार. राहणं-जेवण फ्री.’ उन्हाळा जवळ आला की नागपूरबाहेरच्या वॉटर पार्क आणि रिसॉर्टच्या जाहिरातीही त्यात येतात. तिकडे परदेशातल्या थीम पार्कमध्ये वेटर टिपवरच चिक्कार कमावतात, असं सांगणारे रील्सही मोबाईलवर दिसतात.

मग गावातलं हॉटेल सोडून रिसॉर्टवर जाणं परवडतं का? हे जाहिरातीतल्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी पगार, कामाचे तास, टिप आणि सीझन या चार गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

१६ हजारांचे १४ हजार कसे होतात?

समजा, एका रिसॉर्टने १६ हजार रुपये पगार सांगितला. त्यातल्या १२ हजारांवर पीएफ कापला जातो असं धरू. ढोबळ हिशेब असा होतो.

पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआयसीचा कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये. महाराष्ट्राचा व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. एकूण कपात १,७६० रुपये. हातात येतात १४,२४० रुपये. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात २०० रुपये जास्त पडतात.

ही कपात बघून अनेकांना वाटतं की पैसे बुडाले. पण पीएफमध्ये मालकालाही आपला वाटा भरावा लागतो आणि तो पैसा कामगाराच्या नावावर साठतो. ईएसआयसीमध्ये मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून कुटुंबाला उपचार मिळतात आणि नियमांत बसत असेल तर आजारपणाच्या सुट्टीत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. गरम तेल, वाफ आणि ओल्या फरशीवर दिवस काढणाऱ्याला याची गरज कधीही पडू शकते.

म्हणून ‘आमच्याकडे काहीच कपात नाही, पूर्ण १६ हजार हातात’ असं कोणी सांगितलं, तर खूश होण्याआधी पीएफ आणि ईएसआयसी भरतात का, हे विचारायला हवं. शिवाय सांगितलेला आकडा महिन्याचा पगार आहे की सीटीसी, तेही विचारावं. सीटीसीमध्ये मालकाचा वाटाही धरलेला असतो, त्यामुळे हातात आणखी कमी येतात.

बेसा नागपुरात आहे की नाही, याने काय फरक पडतो?

पत्ता लिहिताना सगळे ‘बेसा, नागपूर’ असंच लिहितात. पण बेसा नागपूर महापालिकेच्या हद्दीत येत नाही. तिथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे.

किमान वेतनाच्या बाबतीत ही हद्द महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांसाठी किमान वेतनाचे वेगळे दर आहेत. कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि कामाचं ठिकाण कोणत्या परिमंडळात येतं, यावर दर ठरतो. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो. महागाईच्या निर्देशांकानुसार तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो.

शहराबाहेरच्या हायवेवरचं रिसॉर्ट आणि शहरातलं हॉटेल यांचं परिमंडळ वेगळं असू शकतं. म्हणजे काम तेच, ट्रे तोच, पण कायद्याने ठरलेला तळाचा आकडा वेगळा. त्यामुळे ऑफर लेटरवर आपला वर्ग कोणता लिहिलाय आणि ठिकाण कोणत्या परिमंडळात येतं, या दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात.

सगळ्यात मोठी रक्कम कुठे अडकते?

बहुतेकांना वाटतं की वेटरचा खरा पैसा टिपमध्ये असतो. पण तासांचा हिशेब मांडला की वेगळंच चित्र दिसतं.

आठवड्याला ४८ तास काम ही कायद्याची चौकट आहे. त्यापेक्षा जास्त कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. रोज आठ तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर २०८ तास होतात. हातातल्या १४,२४० रुपयांना भागलं तर तासाला साधारण ६८ रुपये पडतात.

आता सीझनचा विचार करा. सकाळी दहाला सुरू झालेली ड्युटी रात्री दहाला संपते. एक तास जेवणाचा सोडला तरी ११ तास काम होतं. महिन्याचे झाले २८६ तास. हातात तेच १४,२४० आले, तर तासाचा दर ५० रुपयांच्या खाली येतो.

रोजचे तीन जादा तास म्हणजे महिन्याला ७८ तास. १६ हजारांच्या पगारावर दुप्पट दराने त्यांचे होतात १२ हजार रुपये. म्हणजे ओव्हरटाइम मिळाला नाही, तर पगाराच्या पाऊण पट रक्कम वेटरच्या हातात येतच नाही. एवढी टिप फार कमी ठिकाणी सुटते. त्यातही कायद्याने ओव्हरटाइमच्या तासांना तिमाही मर्यादा घातली आहे. रोज तीन तास, म्हणजे तीन महिन्यांत २३४ तास, ही मर्यादा केव्हाच ओलांडतात.

यात ‘ब्रेक शिफ्ट’चा प्रश्न वेगळाच. दुपारचं जेवण वाढून झालं की तीन-चार तास सुट्टी आणि संध्याकाळी पुन्हा ड्युटी. बेशात राहणारा माणूस बेसा रोडवरच कामाला असेल, तर मधल्या वेळात घरी जाऊन येतो. ३०-४० किलोमीटरवरच्या रिसॉर्टवर मात्र तो वेळ स्टाफ रूममध्येच जातो. कागदावर त्याला सुट्टी असते, पण दिवस गेलेला असतो.

पार्कमध्ये गर्दी जास्त, मग टिप कमी का?

टिप कधी दिली जाते ते आठवा. जेवण झालं, बिलाचं फोल्डर आलं, बडीशेप उचलली आणि सुटे पैसे तिथेच ठेवले. टिप बिलाला चिकटलेली असते.

वॉटर पार्कमध्ये अनेकदा हे बिलच टेबलावर येत नाही. तिकिटातच दुपारचं जेवण असतं. कूपन दाखवायचं, बुफेच्या रांगेत उभं राहायचं आणि ताट घ्यायचं. पोहायच्या कपड्यांत आलेल्या माणसाच्या खिशात रोख नसते. रिसॉर्टच्या पॅकेजमध्येही नाश्ता आणि दोन वेळचं जेवण आधीच भरलेलं असतं. वेटर शेकडो ताटं उचलतो, पण त्याच्यासमोर पैशांचा व्यवहार होतच नाही.

याउलट, मेनू कार्ड बघून ऑर्डर द्यायच्या रेस्टॉरंटमध्ये टिप सुटते. बारमध्ये ती अजून वाढते. खोपोलीचं इमॅजिका हे २०१३ मध्ये सुरू झालेलं महाराष्ट्रातलं मोठं थीम पार्क. तिथे पार्कमध्ये रेस्टॉरंट आहेत आणि शेजारी मुक्कामाचं हॉटेलही उभं राहिलं. अशा ठिकाणी फूड काउंटर, पार्कमधलं रेस्टॉरंट, हॉटेलचं डायनिंग आणि लग्नाचा बँक्वेट ही चार वेगळी कामं असतात. पद एकच असलं तरी टिपची शक्यता सारखी नसते. म्हणून ‘कुठल्या रिसॉर्टला?’ इतकंच ‘कुठल्या सेक्शनला?’ हेही विचारावं.

यूपीआयने आणखी एक बदल केला. टेबलावरचा क्यूआर कोड बहुतेक वेळा मालकाच्या खात्याचा असतो. ग्राहक ९६० च्या बिलाला १,००० पाठवतो आणि ४० रुपये वेटरला मिळाले असं समजतो. ते मिळतीलच असं नाही. टिप वेटरलाच मिळावी असं वाटत असेल, तर रोख देणं किंवा त्यालाच विचारणं हा सोपा उपाय आहे.

सर्व्हिस चार्ज वेटरलाच मिळतो ना?

अनेक हॉटेलं बिलात ५ ते १० टक्के सर्व्हिस चार्ज लावत आली आहेत. हा सरकारचा कर नाही, ती हॉटेलनेच लावलेली रक्कम आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तो आपोआप बिलात लावायला मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या सूचना कायम ठेवल्या. टिप किंवा सर्व्हिस चार्ज ही ग्राहकाच्या मर्जीची गोष्ट आहे, सक्तीची नाही, असा त्याचा अर्थ. सक्ती झाली तर ग्राहक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

हॉटेलवाल्यांचं म्हणणं असं की या पैशातून भांडी घासणाऱ्यापासून कुकपर्यंत सगळ्यांना वाटा मिळतो. काही ठिकाणी तो मिळतही होता. पण ग्राहकाने भरलेल्या रकमेतले किती रुपये स्टाफपर्यंत पोहोचले, हे बिलावर कुठेच दिसत नाही.

टिप म्हणजे पगार नव्हे, हेही कोर्टात ठरलेलं आहे. कार्डवर आलेली टिप हॉटेल नंतर स्टाफला वाटतं, ती पगार धरायची का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१६ मध्ये न्यायालयाने आयटीसीच्या प्रकरणात सांगितलं की हा पैसा ग्राहकाकडून येतो, तो मालकाने दिलेला पगार नाही. त्यामुळे ‘टिप मिळतेच की’ म्हणून पगार किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही.

मग डिस्नेचे रील्स खरे असतात का?

अर्धे खरे. अमेरिकेत नेमकं याच्या उलट आहे. तिथल्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालक कमी मूळ वेतन देऊ शकतो. केंद्राचा हा दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर एवढाच आहे. डिस्ने वर्ल्ड ज्या फ्लोरिडात आहे, तिथे ३० सप्टेंबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १४ डॉलर झालं, पण टिपवाल्यांसाठी ते १०.९८ डॉलर आहे. उरलेले ३.०२ डॉलर टिपमधून भरून निघतील असं धरलेलं आहे. नाही निघाले, तर फरक मालकाने द्यायचा.

टेबलावर बसून जेवायच्या डिस्नेच्या रेस्टॉरंटमध्ये सहा किंवा जास्त माणसं असतील, तर बिलात १८ टक्के ग्रॅच्युइटी आपोआप लागते. ३०० डॉलरच्या बिलावर ती होते ५४ डॉलर. अशी तीन-चार टेबलं एका शिफ्टमध्ये मिळाली, की रीलमधला आकडा तयार होतो. पण तिथेही काउंटरवरून बर्गर देणाऱ्याला हा पैसा मिळत नाही, आणि टिपमधला वाटा सहकाऱ्यांनाही द्यावा लागू शकतो.

‘राहणं-जेवण फ्री’ची किंमत किती?

बाहेरगावच्या मुलासाठी ही सोय मोठी आहे. बेशात खोली घेऊन मेस लावायची म्हटलं तर पगाराचा मोठा भाग त्यातच जातो. ज्याचं घर बेशातच आहे, त्याचा मात्र यात फारसा फायदा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, पगाराऐवजी वस्तू किंवा सोयीच्या रूपात काही दिलं, तर त्याचं मूल्य एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतं. म्हणजे निम्मा पगार ‘राहण्या-जेवणात’ दाखवणं नियमात बसत नाही.

सीझनचंही तसंच. नागपूरच्या उन्हाळ्यात वॉटर पार्क भरलेले असतात, पाऊस सुरू झाला की स्टाफ कमी होतो. समजा सीझनचे चार महिने १८ हजार मिळाले, तर झाले ७२ हजार. गावातल्या हॉटेलात बारा महिने १४ हजार मिळाले, तर होतात १ लाख ६८ हजार. बरोबरी करायची तर उरलेले आठ महिने दरमहा १२ हजार मिळवून देणारं काम हातात हवं.

ग्लास फुटला तर पैसे कापता येतात का?

सरसकट नाही. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झालं असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच कपात करता येते. दंडालाही मर्यादा आहे. महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड लावता येत नाही. १६ हजारांवर तो होतो ४८० रुपये.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा असतो. पैसे थकले किंवा कमी मिळाले, तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. नागपूरकरांसाठी तक्रारीची जागा म्हणजे अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे जाताना हजेरीचे फोटो, ड्युटीचे व्हॉट्सॲप मेसेज आणि बँकेचं पासबुक कामी येतं.

हो म्हणण्याआधी काय विचारायचं?

- सांगितलेला आकडा हातातला आहे, एकूण पगार आहे की सीटीसी?
- ड्युटी किती तासांची? ब्रेक शिफ्ट आहे का? आठवड्याची सुट्टी कोणती?
- जादा तासांचे पैसे कोणत्या दराने मिळतात?
- पीएफ, ईएसआयसी रिसॉर्ट भरतं की ठेकेदार?
- काम कोणत्या सेक्शनला? टिप ज्याची त्याला की डब्यात जमा करून वाटतात?
- नोकरी बारमाही की फक्त सीझनची?
- नेमणूक पत्र कधी मिळेल?

या सातपैकी शेवटचा प्रश्न आधी विचारलेला बरा. बाकी सहांची उत्तरं तोंडी कितीही गोड मिळाली, तरी कामगार कार्यालयात कागदच दाखवावा लागतो.