संडे स्कूल: लेकरांच्या तोंडी वचन कसे बसते

एरवी आपण बोंडअळी आणि संत्र्याची गळ यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. नागपूर जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि त्यांची लेकरं रविवारी 'संडे स्कूल'ला बसतात. तिथं काय चालतं हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग पारावर कुजबुज सुरू होते. म्हणून थोडी माहिती करून घेऊ.

ही पद्धत इंग्लंडात रूढ झाली. १७८० साली ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी कामकरी पोरांसाठी असे वर्ग सुरू केले. आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी वाचायला शिकवायचे आणि बायबल हेच वाचायचे पुस्तक. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडेही पोरं शाळा बुडवतात, तेव्हा ही सोय कशातून निघाली ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले आणि पुढच्याच वर्षी शाळा निघाली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. हा माणूस पाद्री तर होताच, पण दगडमातीचाही जाणकार होता. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्या भागातले नाले पावसाळ्यात कसे चढतात ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा.

आता मुख्य मुद्दा, लहानपणीच का शिकवायचे? बायबलातच याचे उत्तर आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे येतात. तीमथ्याला शास्त्र बाळपणापासून माहीत होते, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे पहिली शाळा आजीच्या मांडीवरची. अनुवादाच्या पुस्तकात तर घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी हे बोलत राहा, असा आदेश आहे. धुऱ्यावरून पोराला सोबत नेताना आपण जे सांगत जातो, त्यातलाच हा प्रकार.

पण तोंडी बसायचे तर भाषा तशी पाहिजे. विस्ताराच्या कामात हे रोज दिसते. जड भाषेतली घडीपत्रिका घरी गेली की चुलीत जाते. गोव्यातले फादर स्टीफन्स यांनी हे चारशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, तेही मराठी ओवीत! पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवले. १९२२ साली मरणाआधी काम पुरे केले, आणि छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच झाली.

सगळ्यांना लहानपणीच मिळते असेही नाही. रेव्हरंड टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

माझे मत विचाराल तर लहान पोरांना आधी गोष्ट सांगावी, वचन नंतर. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. वाटेवरचे बी पाखरांनी टिपले, खडकाळीतले करपले, काट्यांतले खुंटले आणि चांगल्या जमिनीतले तीसपट, साठपट, शंभरपट आले. शेतकऱ्याच्या पोराला यात समजावण्यासारखे उरतेच काय? नुसती घोकंपट्टी मात्र परीक्षेपुरती टिकते. दहा-बारा वर्षांचे पोर प्रश्न विचारू लागले की त्याला दटावू नये.

ग्रामसेवक-सरपंचांनी एवढे ध्यानात घ्यावे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याच धर्माचे शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर अल्पवयीन मुलाला बसवायला पालकांची संमती लागते. चर्चमध्ये किंवा घरी आईबाप आपल्या लेकरांना आपला धर्म शिकवतात, त्यात गैर काही नाही. शेजारचे पोर गंमत म्हणून जाऊन बसले, तर शिकवणाऱ्याने आधी त्याच्या आईबापाला विचारावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

दुसरी अडचण घरातली आहे. पोर इंग्रजी माध्यमात जाते आणि आजीचे बायबल मराठी. तिला दिसत नाही, त्याला वाचता येत नाही. अशा घरी रोज पाच ओळी पोराने अडखळत का होईना वाचाव्यात आणि आजीने दुरुस्त कराव्यात. मराठीही सुधारेल.

आता नाताळाचे. तो ऐन वेचणीत येतो. पोरांची वचने, गाणी पाठ करून घ्यायची तर वर्ग दिवेलागणीनंतर ठेवावा. आणि शेतमालकांनो, २५ डिसेंबरला त्या घरच्यांना वेचणीला बोलावू नका. आभाळ आलेले नसेल तर कापूस एक दिवस बोंडात राहू शकतो.