बारा दिवस, आणि न थांबणारं घड्याळ 🚴

सायकलप्रेमींनो, 'रेस अक्रॉस अमेरिका' म्हणजेच 'रॅम' माहीत आहे ना? १९८२ साली फक्त चार स्पर्धकांनी सुरू झालेली ही शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. अंतर जवळपास ४,८०० किलोमीटर!

टूर द फ्रान्समध्ये रोजचा टप्पा संपला की घड्याळ थांबतं. इथे ते थांबतच नाही. झोपलात तरी वेळ मोजली जाते, त्यामुळे एकट्याने उतरणारे बरेच जण दिवसाला जेमतेम दोन-तीन तास झोपतात. वाटेत वाळवंटाची होरपळ, मग रॉकी पर्वताचे चढ. मानेचे स्नायू इतके थकतात की कधीकधी डोकंच वर राहत नाही. मागच्या गाडीतली टीम खाणं, पाणी, रस्ता सगळं सांभाळते.

आणि अभिमानाची गोष्ट: २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली.

पेशा डॉक्टरकीचा, ध्यास सायकलचा. उद्या पहाटे निघताय ना?

#सायकलिंग #रॅम