शिळेमागची दोन लाख वर्षं

गोंदिया जिल्ह्यात दरेकशाच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला धनेगावातून पिवळ्या फेट्यांची रांग तिकडे चढू लागते. गोंड समाजात कथा सांगतात ती अशी: या गुहेत मुलांना कोंडून तोंडावर शिळा लावली होती. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, आणि ती शिळा हटवताना हिरासुका पाटालीरचा जीव गेला. शिळेमागे काय होतं, हे गाण्यांतून आणि पाठांतरातून पुढच्या पिढ्यांना कळत आलं.

या गुहेशी अणुकचऱ्याचा काही संबंध नाही. पण शिळेमागे काय आहे हे माणूस किती काळ लक्षात ठेवू शकतो, हा प्रश्न मला तिथेच पडला.

तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. जळालेल्या इंधनात प्लुटोनियम-२३९ तयार होतं. ते निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. हजारावा भाग उरायला तसे दहा टप्पे, म्हणजे २,४१,००० वर्षं. आपली मानवजातच जेमतेम तीन लाख वर्षांची!

आता कायद्यांचं आयुष्य पाहा. पहिला अणुऊर्जा कायदा १९४८ चा, तो चौदा वर्षं टिकला. १९६२ चा कायदा त्रेसष्ट वर्षं चालला; किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे १९८७ चे नियम त्याच्याच आधाराने झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी ‘शांती’ कायदा आणला. त्रेसष्ट वर्षांना एक कायदा धरला, तरी प्लुटोनियमवर नजर ठेवायला एकामागून एक ३,८०० कायदे लागतील. आणि कायदा बदलताना एकदाही नोंदवही हरवून चालणार नाही.

जळालेल्या इंधनातलंच सीझियम-१३७ त्या मानाने अल्पायुषी. तारापूरला असा जहाल कचरा काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. त्यातलं सीझियम हजाराव्या भागावर यायला तीनशे वर्षं लागतात. तीनशे वर्षांपूर्वी पुण्यात शनिवारवाडा नव्हता.

अमेरिकेत तर कायद्याने आकडाच फिरवला. नेवाडातल्या युक्का डोंगरात कचरा पुरायचा, तर दहा हजार वर्षांपर्यंतची सुरक्षितता दाखवा, असा नियम २००१ मध्ये झाला. २००४ मध्ये न्यायालयाने ती मुदत अपुरी ठरवली. २००८ च्या नियमात दहा लाख वर्षं आली.

आपल्याकडे चाळीस वर्षंही जड गेली. दिल्ली विद्यापीठाने १९७० च्या सुमारास घेतलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र बंद पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. नियम होते, नियामक मंडळ होतं. यंत्रात काय आहे हे मात्र विकणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, एक तुकडा कुणाच्या तरी पाकिटात गेला. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मं होतं, म्हणजे तोवर मूळच्या जेमतेम दोनशेवा भाग उरला होता. तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव घेतला.

म्हणून नव्या ‘शांती’ कायद्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. १९८३ पासून सरकारी आदेशावर चालत आलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला आता कायद्याचं अधिष्ठान मिळालं आहे. कुठे काय ठेवलं आहे याची वही सांभाळणारा हात आधी मजबूत हवा.

शिळेखाली गेलेल्या हिरासुकाचं नाव कचारगडला आजही घेतात. मायापुरीच्या त्या कामगाराचं नाव कुठल्याच नियमावलीत नाही.