चर कुणी खणायचा?

कोकणात घर बांधताय? टाइल्स नंतर निवडा, आधी पाण्याची वाट ठरवा. इथे वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उताराच्या जागेत वरच्या अंगाने मुरलेलं पाणी पायाशी येतं आणि भिंतीत ओल चढते.

🔹 वरच्या बाजूला, पायापासून थोडा दूर चर. त्यात छिद्रांचा पाइप, मीटरला किमान १ सेंमी उतार.
🔹 पाइपभोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). नाहीतर मातीने सगळं बुजतं.
🔹 पाइपचं तोंड खालच्या अंगाला, उघड्यावर.
🔹 जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंमी वर.

खरी गोम माणसांत! जेसीबीवाला म्हणतो चर गवंड्याचा, गवंडी म्हणतो प्लंबरचा. तिघांना एकाच दिवशी साइटवर बोलवा. फक्कीने रेष आखा, लेव्हल ट्यूबने उतार मोजा. "जरा उतार ठेवा" नको, "१० मीटरला १० सेंमी" सांगा. कोण, काय, कधी, हे ग्रुपवर लिहून टाका.

माती लोटण्याआधी दोन बादल्या पाणी सोडून बघा आणि फोटो काढून ठेवा. मग पाऊस येऊ दे!