हेल्प फाइल उघडली आणि समोर नुसती प्रश्नचिन्हं



मस्कतच्या एका किराणा व्यापाऱ्याला आम्ही बिलिंग सॉफ्टवेअर दिलं होतं. सहा दुकानं, सहा लायसन्स. मी आणि माझा प्रोग्रामर मित्र, दोघांनी मिळून बनवलेलं हे सॉफ्टवेअर तोवर आपल्याच भागातल्या दुकानांत चालायचं. परदेशातली ही पहिलीच ऑर्डर. त्यांचा मॅनेजर रत्नागिरीचा, त्यानेच ओळख करून दिलेली. अट एकच होती: काउंटरवरच्या ओमानी मुलांसाठी हेल्प अरबीत हवी. आम्ही ॲडव्हान्समधून भाषांतर करून घेतलं, फाइल बनवली, पाठवली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. डावीकडच्या विषयांच्या यादीत वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. खाली मॅनेजरचा मेसेज, "दादा, शेठ विचारतायत हे काय आहे?"

बाकीचं पेमेंट त्या फोटोवर अडकलं.

तुमच्यापैकी बरेच जण ॲप किंवा सॉफ्टवेअर विकायचं म्हणताय, म्हणून यात काय चुकलं ते नीट सांगतो. आम्ही हेल्प सीएचएम फाइलमध्ये बनवली होती. विंडोजमध्ये एफ-१ दाबल्यावर डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर अशी जी खिडकी उघडते, ती. ती बनवायचं एचटीएमएल हेल्प वर्कशॉप हे टूल मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या सुमाराला काढलं. फुकट आहे, सोपं आहे, पण त्या काळातलं आहे. त्याला यूनिकोड धड कळत नाही. एका वेळी एकाच 'कोडपेज'ची अक्षरं ओळखतं. उजवीकडची पानं ब्राउझरसारखी उघडतात, म्हणून तिथे अरबी बरोबर दिसत होतं. डावीकडची यादी मात्र त्या जुन्या पद्धतीने साठवली जाते. आमचं मशीन इंग्रजी सेटिंगवर. अरबी शीर्षकं टूलमध्ये पेस्ट केली, त्याला ओळखता आली नाहीत, त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून सेव्ह केलं. आम्ही ते बघितलंही नाही, कारण दोघांनाही अरबी वाचता येत नाही आणि उजवी बाजू छान दिसत होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. भाषेचा घोळ तीन प्रकारे दिसतो आणि तिन्हींचं औषध वेगळं. प्रश्नचिन्हं दिसली तर बहुतेक वेळा मूळ अक्षरंच गेली, पुन्हा पहिल्यापासून टाका. टोप्या-टिंबं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणाऱ्या मशीनला चुकीचं कोडपेज सांगितलंय. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर ठीक, फॉन्ट नाही. ग्राहकाला आधी फोटो मागा, मग मशीनला हात लावा.

आम्ही पहिलं काय केलं? प्रोजेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन भाषा बदलली. तिथे प्रत्येक भाषेला आणि देशाला एक नंबर असतो. अमेरिकन इंग्रजी १०३३, सौदी अरबी १०२५, ओमानची अरबी ८१९३. शिवाय कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे 'लँग्वेज फॉर नॉन-यूनिकोड प्रोग्रॅम्स' अरबी करून मशीन रीस्टार्ट केलं. शीर्षकं पुन्हा टाकली, फाइल पुन्हा बनवली. आमच्याकडे एकदम झकास! मस्कतला पाठवली तर आता प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या-टिंबं. कारण तिकडच्या सहाही मशीनवर विंडोज इंग्रजी सेटिंगचं. आता सहा दुकानांत सिस्टीम सेटिंग बदला म्हणून ग्राहकाला कोण सांगणार? तेही ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे हे माहीत नसताना!

आणि मराठीचं तर त्याहून अवघड. मराठीला नंबर आहे, ११०२. हिंदीला १०८१. पण विंडोजमध्ये मराठी-हिंदीला जुनं कोडपेजच नाही, त्या पहिल्यापासून फक्त यूनिकोडवर चालतात. म्हणजे यादीतून मराठी निवडली तरी डावीकडे देवनागरी उमटायची सोय त्या टूलमध्ये नाही. आपल्याकडचे बरेच जण इथेच कंटाळून इंग्रजी हेल्प देऊन मोकळे होतात. मग रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला फोन, "साहेब, बिल कॅन्सल कसं करायचं?"

शेवटी सीएचएम सोडलं. साधी एचटीएमएल पानं, प्रत्येक भाषेचं वेगळं फोल्डर, फाइलची नावं सगळीकडे तीच, आणि तीही छोट्या रोमन लिपीतली. सगळ्या फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केल्या आणि पानाच्या अगदी सुरुवातीला तसं लिहिलं. नुसतं लिहून चालत नाही हं, एडिटरमध्ये सेव्ह करतानाही तेच निवडावं लागतं. दर पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषेचा कोड टाकला. अरबी पानांना त्याच्यासोबत उजवीकडून डावीकडे ही दिशा.

भाषेचा कोड शोभेचा नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एक, पण आपला ल आणि श वेगळ्या वळणाचे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, तो हा कोड बघून ठरवतो कुठलं दाखवायचं. विषयांची अकारविल्हे सूचीही त्यावर अवलंबून. नुसत्या यूनिकोडच्या नंबरांनी लावली तर ळ येतो लच्या पाठोपाठ, आपल्या शब्दकोशात तो हच्या नंतर.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. हेल्प कुठल्या भाषेत उघडायची हे आम्ही विंडोजच्या भाषेवरून ठरवत होतो. पण आपल्या गावातल्या दुकानांत विंडोज कुठलं असतं? इंग्रजी! म्हणजे मराठी हेल्प बनवून ठेवलेली, आणि एकालाही दिसलेली नाही. हा पर्याय आपल्या सॉफ्टवेअरच्या आतच द्या, पहिल्यांदा चालू करताना विचारा, आणि एखादं पान त्या भाषेत नसेल तर इंग्रजी पान उघडू द्या. कोरं पान नको. भाषांची नावं त्या-त्या भाषेच्या लिपीत लिहा. झेंडे लावू नका, अरबी बावीस देशांचा कुठला झेंडा लावणार?

शब्दांचं पण बघा. मेनूवर 'सेव्ह' लिहिलं असेल तर हेल्पमध्ये 'जतन करा' लिहू नका. भाषांतरकार चांगला होता आमचा, पण त्याला मेनूचे स्क्रीनशॉट दिलेच नव्हते, त्यामुळे बटणांची नावं हेल्पमध्ये एक आणि स्क्रीनवर दुसरीच. ते सगळं पुन्हा तपासून घ्यायला वेगळे पैसे गेले.

नवीन फोल्डर पाठवलं, सहाही दुकानांत चाललं. शेठने मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने मला. पेमेंटचा पण विषय निघाला. तेवढ्यात अजून एक फोटो आला. हेल्पमधल्या नमुना बिलात आम्ही रक्कम दोन दशांशांत छापली होती, आपल्या रुपया-पैशासारखी. ओमानी रियालचे बैसे हजार असतात, तीन दशांश लागतात. ते चित्र बदलल्यावर चार दिवसांनी पैसे जमा झाले.