कॅक्टस आणि काळी माती

चांदूर बाजारात कॅक्टस विकत घेणाऱ्याला सल्ला ठरलेला: "वाळवंटातलं झाड आहे, पाणी नका देऊ." सल्ला पाळणाऱ्याचा कॅक्टस उन्हाळ्यात सुरकुततो, न पाळणाऱ्याचा पावसाळ्यात बुडापासून सडतो. दोघंही बोल लावतात पाण्याला. चूक बहुतेक वेळा कुंडीतल्या मातीची असते.

कपाशी-तुरीला सोन्यासारखी असणारी आपली काळी माती कॅक्टसला मात्र घातक. ओली झाली की फुगते, कितीतरी दिवस ओल धरून बसते, वाळली की भेगाळते. वाळवंटी कॅक्टसची मुळं उथळ आणि पसरट. पाणी आलं की भराभर ओढायचं आणि पुन्हा कोरडं व्हायचं, ही त्यांची रीत. सतत ओलीत राहिली की त्यांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. संत्र्याच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या येतो, म्हणून तर तो दुहेरी आळं करतो.

तेव्हा कुंडीत निम्म्याहून अधिक जाड रेती, बारीक गिट्टी आणि विटांचा चुरा भरावा; उरलेल्या भागात साधी भुसभुशीत माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. नर्सरीतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये येतं. ते एकदा पार वाळलं की पाणी चटकन धरत नाही, वरून ओतलेलं बरंचसं कडेनं निसटून जातं. म्हणून ते हलक्या हातानं झाडून रोप नव्या मिश्रणात लावावं आणि आठवडाभर कोरडंच ठेवावं, म्हणजे तुटलेली मुळं सुकून भरून येतात.

चमचा-चमचा पाणी घालणं हा आणखी एक गैरसमज. त्यानं वरचा थर तेवढा भिजतो, खाली मुळं तहानलेलीच. पाणी द्यायचं तर तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्यावं, मग थांबावं. उदबत्तीची जुनी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाहावी; कोरडी निघाली तरच पुढची पाळी. खारपाण पट्ट्याकडच्या विहिरीचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर धरतो; तिथे साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

वाळवंटात पाऊस पडतच नाही, असंही नाही. सग्वारो कॅक्टससाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या टक्सन परिसरात वर्षाला साधारण २८० मिलिमीटर पाऊस होतो, तोही हिवाळा आणि उन्हाळ्यात वाटून. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जून ते सप्टेंबर कुंड्या छपरीखाली, पण उजेडात हव्यात.

"कितीही ऊन चालतं" हेही अर्धंच खरं. हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप मे महिन्यात थेट गच्चीवर ठेवलं, तर एका अंगाला पिवळट-पांढरा डाग पडतो. पुढे तो तपकिरी, सालीसारखा टणक होतो आणि कधीच जात नाही. खुद्द सग्वारोची पिल्लं मोठ्या झुडपाच्या सावलीत वाढतात. शिवाय कॅक्टसची पर्णरंध्रं रात्री उघडतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही तापलेल्या असल्या की वाढ मंदावते. त्या दिवसांत दुपारी आडोसा हवा आणि पाणी संध्याकाळीच.

फूल येत नाही म्हणून हिवाळ्यात खत-पाण्याचा मारा करणारे पुष्कळ. उपाय उलटा आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरात संत्र्याला ताण देतात ना, तसाच कॅक्टसलाही द्यावा. थंडीत पाणी जवळपास बंद ठेवलं की अनेक जाती उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. (दुकानात आधीच फुललेला दिसला तर फूल नीट पाहून घ्यावं, वाळवलेली फुलं डिंकानं चिकटवलेलीही असतात.)

काटेरी ते सगळं कॅक्टस, हेही खरं नाही. कुंपणावरचं त्रिधारी निवडुंग युफोर्बियाच्या कुळातलं. त्याला खरचटलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये. कॅक्टसचे काटे मात्र लवदार ठिपक्यांतून फुटतात, ही त्याची पक्की खूण.

आणि घरात कॅक्टस अशुभ मानणाऱ्यांच्या अंगणातही तो असतोच! ज्याच्या रात्री उमलणाऱ्या फुलाला ओवाळतात, ते आपलं ब्रह्मकमळ मेक्सिकोकडचं कॅक्टसच आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपलं मात्र जंगलात झाडांच्या आधारानं वाढणारं, त्यामुळे वाळवंटी कॅक्टसचे नियम त्याला लावू नयेत. त्याला गाळीव ऊन, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी ओल लागते.