विक्रांतची प्रतिकृती: कुंचला की एअरब्रश?

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या मँगनीजच्या मुलखात बसून एखाद्याने १९६१ साली नौदलात दाखल झालेल्या आणि १९९७ साली निवृत्त झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची एकास सातशे या प्रमाणातील प्रतिकृती रंगवावयास घेतली, तर कुंचला की एअरब्रश, हा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राहतो. सुमारे २१३ मीटर लांबीची ती नौका या प्रमाणात अवघी तीस सेंटिमीटर भरते. आणि रंगाचा जो थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका बसला, तो खऱ्या जहाजावर सात सेंटिमीटर जाडीचा ठरला असता! दारांच्या चौकटी, नांगराच्या साखळीच्या कड्या अशा थरात पार बुजून जातात. म्हणूनच, दाबलेल्या हवेच्या झोताने रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणारा एअरब्रश नौकेच्या विस्तीर्ण करड्या अंगासाठी निःसंशय श्रेष्ठ होय. मात्र रंग दुधाइतका पातळ करणे, कॉम्प्रेसरची तजवीज, प्रत्येक रंगानंतर सुई धुणे, हा व्याप लहान नव्हे. शिवाय विदर्भाच्या वैशाखात ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळू लागतो. तोफा, होड्या, डोलकाठ्या यांना तर बारीक टोकाच्या कुंचल्यावाचून गत्यंतर नाही. आणि पातळ रंगाचे दोन-तीन हात, आधीचा पुरता वाळल्यावरच, दिले असता कुंचल्याचे ओरखडेही उमटत नाहीत. नवशिक्याने तूर्त दोन उत्तम कुंचले घ्यावेत. एअरब्रशचा खर्च दोन-चार जहाजे हातावेगळी झाल्यावर करावा, हेच रास्त.